एडिटरला झूल घालू नका

संगणकाशी ज्यांचं फारसं देणंघेणं नाही त्यांनीही हा लेख वाचायला हरकत नाही. विषय एका सॉफ्टवेअरचा आहे, पण रोग जुना आहे आणि तो फक्त संगणकवाल्यांनाच होतो असं नाही.

आधी थोडी ओळख. टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर. त्यातले काही एडिटर असे असतात की त्यांच्या आतच एक प्रोग्रामिंगची भाषा बसवलेली असते. ईमॅक्समध्ये लिस्प आहे, व्हिममध्ये त्याची स्वतःची स्क्रिप्ट आहे, निओव्हिममध्ये लुआ आहे. म्हणजे एडिटर कसा वागावा हे तुम्ही स्वतः लिहून ठरवू शकता. कुठली कळ दाबली की काय व्हावं, फाईल जतन करताना काय तपासावं, सगळं. हे लिहून ठेवायची एक फाईल असते. ईमॅक्सवाले तिला इनिट फाईल म्हणतात.

मी कारंज्यात बसून (घाडग्यांचं कारंजा, लाडांचं नव्हे) गेली बरीच वर्षं मराठी मजकुराची कामं ईमॅक्समध्ये करतो. आणि आता स्पष्टच बोलतो. या इनिट फाईलींचं जे काही चाललंय ते मला अजिबात पटत नाही. दोन-दोन हजार ओळींच्या फाईली, चाळीस-पन्नास पॅकेजं, आणि वर त्याचं कौतुक! एखाद्या कामाला तीन ओळी पुरत असताना तीनशे ओळी लिहिणं ही हुशारी नाही. ती उधळपट्टी आहे, आणि तिचं बिल बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला भरावं लागतं.

गंमत अशी की ईमॅक्सचा जन्मच या पसाऱ्याला कंटाळून झाला. १९७० च्या दशकात एमआयटीच्या प्रयोगशाळेत टेको नावाचा एडिटर वापरायचे. त्यात मॅक्रो लिहायची सोय आली आणि प्रत्येकाने आपापले मॅक्रो लिहिले. होता होता अशी वेळ आली की एकाच्या एडिटरमध्ये दुसऱ्याला काम करता येईना, कारण एकच कळ प्रत्येकाकडे वेगळं काहीतरी करायची. मग गाय स्टील यांनी हे सगळे मॅक्रो एका सूत्रात आणायचं काम हाती घेतलं, रिचर्ड स्टॉलमन यांनी ते पुढे नेलं, आणि १९७६ मध्ये पहिला ईमॅक्स तयार झाला. म्हणजे 'प्रत्येकाचं वेगळं' या गोंधळावर उतारा म्हणून जे निघालं, त्याच्याच आत आज आपण तोच गोंधळ पुन्हा घालतोय.

आता तुम्ही म्हणाल, ज्याची त्याची फाईल, ज्याचा त्याचा एडिटर, तुमचं काय जातं? जातं. ऐका.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात छोटं वाचनालय आहे. नाव घेत नाही. तिथे कुणीतरी दिलेला एक जुना संगणक होता, त्यावर लिनक्स. गावातल्याच एका हुशार मुलाने त्यात ईमॅक्सवर पुस्तकांची नोंदवही करून दिली. हुशार हा शब्द मी टोमणा म्हणून वापरत नाहीये, पोरगा खरंच हुशार आहे. नवीन पुस्तक आलं की प्रश्न विचारणारी चौकट यायची. क्रमांक आपोआप पडायचा. पुस्तक नेलं की परतीची तारीख आपोआप निघायची, उशीर झाला की ती नोंद लाल व्हायची. मराठी रकान्यात गेलं की कळफलक आपोआप मराठी, क्रमांकाच्या रकान्यात आपोआप इंग्रजी. बघणारे खूश.

पुढे पोरगा नोकरीला पुण्याला गेला. जायलाच हवं होतं, इथे राहून काय करणार. काही महिन्यांनी संगणक बिघडला, कुणीतरी नवीन लिनक्स टाकून दिलं, त्याबरोबर ईमॅक्सही नवीन आला, आणि ही सगळी यंत्रणा सुरू होतानाच अडकायला लागली. काही पॅकेजं जुन्या पद्धतीने लिहिलेली, काही इंटरनेटवरून उतरवायची, आणि वाचनालयात इंटरनेट म्हणजे कुणाच्या तरी खिशातला मोबाईल. पुण्याला फोन केला की उत्तर यायचं, "काकू, दिवाळीत घरी आलो की बघतो."

दिवाळीपर्यंत ग्रंथपाल बाईंनी वहीत लिहिलं. पण आधीच्या नोंदी संगणकात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं कुणाकडे गेलीत ते कळेना. असल्या वाचनालयात ती पुस्तकं मोजकीच असतात आणि पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करणारी पोरं-पोरी त्यांच्यासाठी नंबर लावून असतात. ज्यांच्या घरी साडेतीनशे-चारशे रुपयांचं पुस्तक विकत घ्यायची सोय नाही, त्यांच्यासाठी ते पुस्तक सापडणं-न सापडणं ही लहान गोष्ट नसते. परीक्षेची तारीख काही दिवाळीची वाट बघत नाही.

मी गेलो तेव्हा त्या बाई मला म्हणाल्या, "भाऊ, मले काही लाल-हिरवं नको होतं. पुस्तक कोणाकडे हाय, येवढंच लिवाचं होतं."

या एका वाक्यात सगळी मागणी आली. तिच्यापेक्षा मोठं जे काही लिहिलं गेलं, ते लिहिणाऱ्याच्या हौसेखातर होतं.

सुदैवाने मूळ मजकूर साध्या फाईलीत होता, त्यामुळे काही हरवलं नाही. आता तिथे दोन फाईली आहेत. एकीत पुस्तकं, एका ओळीत एक. दुसरीत देवघेव: तारीख, पुस्तकाचा क्रमांक, सभासदाचा क्रमांक. पुस्तक परत आलं की त्या ओळीच्या शेवटी 'आलं' असं लिहायचं. एफ-५ दाबलं की आजची तारीख पडते. एफ-६ दाबून क्रमांक दिला की तो असलेल्या सगळ्या ओळी एका ठिकाणी दिसतात. हे दुसरं काम करणारी 'ऑकर' नावाची आज्ञा ईमॅक्समध्ये पहिल्यापासून आहे, मी फक्त तिला कळ जोडली. इनिट फाईल अकरा ओळींची आहे. प्रत्येक ओळीवर ती कशासाठी आहे ते मराठीत लिहिलंय. तो कागद छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. उद्या मी नसलो आणि संगणक पुन्हा बिघडला, तर कुठलाही बारावीचा मुलगा त्या अकरा ओळी बघून परत टाईप करू शकेल. अगदी ईमॅक्सच नसला तरी त्या दोन फाईली कशातही उघडतील.

परतीची तारीख आपोआप निघत नाही. बाई ती बोटांवर मोजतात. त्यांना येतं.

'सोपं' म्हणजे काय याबद्दल लोकांचा एक घोटाळा असतो, म्हणून मराठीतलीच उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण वर्णानुक्रमाचं. ईमॅक्सला ओळी क्रमाने लावायला सांगितल्या तर तो युनिकोडमधल्या अक्षरांच्या क्रमांकानुसार लावतो. तो क्रम आपल्या वर्णमालेच्या जवळपास असतो, पण तंतोतंत नाही. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' च्या लगेच मागे येतो, आपल्याकडे 'ह' च्या नंतर. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही युनिकोडला जोडाक्षरं, म्हणून 'क्ष' जातो 'क' मध्ये आणि 'ज्ञ' जातो 'ज' मध्ये. आता हे दुरुस्त करायचं तर क्रम लावायचा वेगळा प्रोग्राम लिहावा लागेल. लिहिता येतो, मजाही येते. पण गावच्या वाचनालयाच्या यादीसाठी त्याची गरज आहे का? 'ळ' ने सुरू होणारं पुस्तक कुणी पाहिलंय? राहिले 'क्ष' आणि 'ज्ञ'. यादीच्या डोक्यावर एक ओळ लिहिली: 'क्ष' क मध्ये पाहावा, 'ज्ञ' ज मध्ये पाहावा. झालं. माणसाला एक वाक्य सांगून काम होत असेल तर यंत्राला शंभर ओळी सांगू नयेत.

आमच्या गावाच्या नावाचंच बघा ना. कारंजे दोन, एक वाशीम जिल्ह्यात, एक वर्ध्यात. घोटाळा व्हायचा. लोकांनी काय केलं? कंसात एकेक शब्द लिहिला. त्यासाठी कुणी समिती नेमायला सांगितली नाही.

दुसरं उदाहरण थोडं आतलं आहे. 'वऱ्हाड' हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधलात तर दुसरं सापडत नाही. तसंच 'ॲ' चं. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचे लोक 'अ' ला चंद्र जोडून लिहायचे, आणि कित्येक कळफलकांवर अजूनही तसंच लिहिलं जातं. 'ॲडव्होकेट' शोधायला जावं तर निम्मे वकील गायब!

यावर मी काही लोकांनी लिहिलेली 'मराठी शुद्धीकरणाची' यंत्रणा पाहिली आहे. वेगवेगळे नियम, नियमांचे गट, गट चालू-बंद करायच्या कळा. माझ्याकडे फाईल जतन होताना चालणाऱ्या दोन अदलाबदली आहेत: दुसऱ्या तऱ्हेचा 'ऱ्' पहिल्या तऱ्हेचा करा, दोन तुकड्यांचा 'ॲ' एका तुकड्याचा करा. संपलं. विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाईप करायची सवय पुष्कळांना असते, त्यासाठी नियम लिहायला गेलात तर 'वेळ: सकाळी' मधलाही विसर्ग होऊन बसायची भीती. म्हणून नियम लिहायचाच नाही. आत विसर्ग असलेले रोजच्या वापरातले शब्द मोजकेच आहेत. दुःख, अंतःकरण, निःपक्ष, प्रातःकाळ वगैरे. त्यांची यादी केली आणि ईमॅक्सच्या संक्षेपांच्या सोयीत टाकली. जिथे दहा शब्दांची यादी पुरते तिथे सर्वव्यापी नियमाच्या मागे लागू नये. यादी कुणालाही वाचता येते, वाढवता येते. नियम फक्त लिहिणाऱ्याला कळतो, आणि तोही सहा महिने.

आता तिसरं, जिथे काम खरंच गुंतागुंतीचं आहे. आमच्या भागात जुना मजकूर कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये पडून आहे. स्मरणिका, इतिवृत्तं, पत्रिका, सगळं. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना फक्त देवनागरी चेहरा दिलेला असतो. युनिकोडमध्ये आणताना नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते, युनिकोडला ती नंतर हवी. 'स्थिती' सारख्या शब्दात तर तिने अख्खं जोडाक्षर ओलांडून जायला हवं. रफाराचं उलटं, तो तिथे नंतर असतो, युनिकोडला आधी हवा.

हे तीन ओळींत होत नाही आणि होईल असं मी म्हणतही नाही. पण इथेही दोन रस्ते आहेत. एक रस्ता असा की सगळं एकाच भल्यामोठ्या, कंसांनी खचाखच भरलेल्या शोधसूत्रात कोंबायचं. दुसरा असा की तीन पायऱ्या करायच्या. आधी तक्त्याप्रमाणे अक्षरं बदला, दोन-तीन चिन्हांचे गट आधी आणि सुटी चिन्हं नंतर. मग वेलांटी हलवा. मग रफार हलवा. प्रत्येक पायरीनंतर थांबून डोळ्यांनी बघता येतं की कुठे बिघडलं. ओळी जास्त लागतात, पण एका वेळी डोक्यात एकच गोष्ट ठेवावी लागते. मी सोपं म्हणतो ते याला. ओळी मोजून सोपेपणा ठरत नाही. एका ओळीचं न कळणारं सूत्र तीस सरळ ओळींपेक्षा अवघड असतं.

आता आक्षेप घेऊ. पहिला नेहमीचा: "अहो पण एडिटर प्रोग्राम करता येतो म्हणूनच तर आम्ही तो घेतला. मग प्रोग्राम करायचा नाही तर काय पूजा करायची?"

जरूर करा. आनंदासाठी करा, शिकण्यासाठी करा. रात्री दोनपर्यंत बसून लिस्प लिहायची मजा मलाही ठाऊक आहे. आमच्याकडे पोळ्याला बैल सजवतात. हा गवळाऊ बैलांचा मुलूख, हेटीकुंडीला त्या जातीचं पैदास केंद्र आहे, तेव्हा बैलाचं कौतुक कसं करावं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल. पण पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत, आणि ज्या दिवशी वखराला जुंपतात त्या दिवशी पाठीवर झूल ठेवत नाहीत. एवढं तारतम्य शेतकऱ्याला आहे. संगणकवाल्याला का नसावं? हौसेची फाईल वेगळी ठेवा, कामाची वेगळी. आणि दुसऱ्याच्या कामाची तर त्याहून वेगळी.

दुसरा आक्षेप: "यामुळे वेग वाढतो." कुणाचा? जी कळ तुम्ही महिन्यातून दोनदा दाबता ती बसवण्यात एक रविवार घालवलात तर तो रविवार फिटायला किती वर्षं लागतील, हिशेब करून बघा. मराठी टाईप करताना मला रोज उपयोगी पडणारी सोय म्हणजे आल्ट आणि स्लॅश. शब्दाची सुरुवात लिहायची, ती कळ दाबायची, फाईलमध्ये आधी आलेल्या शब्दांतून ईमॅक्स तो पूर्ण करतो. ही सोय फुकट बसवलेली आहे. कितीतरी जण तिच्यावर एकदाही हात न ठेवता तेच काम करणारी तीन पॅकेजं घालून बसलेले असतात. मराठी कळफलकाचंही तसंच. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबून इनस्क्रिप्ट मिळतो, काही उतरवावं लागत नाही.

तिसरा आक्षेप आजकालचा आहे: "आता लिहायला कष्टच कुठे पडतात? एआयला सांगितलं की दोनशे ओळी मिनिटात तयार." मला तर याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते. पूर्वी निदान लिहिणाऱ्याला तरी ते एकदा कळलेलं असायचं. आता असा कोड साचतोय जो कुणालाच, कधीच कळलेला नव्हता. लिहिणं स्वस्त झालं म्हणून सांभाळणं स्वस्त होत नाही. उलट एआयला विचारायचंच तर असं विचारा: हे काम करणारी आज्ञा एडिटरमध्ये आधीपासून आहे का?

वर्धा जिल्ह्यात राहून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे लाख! त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा वजनाला हलका हवा, खेड्यातल्या साध्या घरात हातापायाने चालवता यावा, बाईने आठ तास चालवला तरी फार शिणवू नये, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, तो किमान वीस वर्षं टिकावा, आणि दुरुस्ती-देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. सूत किती निघावं हे सांगितलंच होतं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. कोण चालवणार, कुठे चालवणार आणि मोडलं तर किती पडेल, हे कागदावर आधीच लिहून ठेवलं. खादी पटो न पटो, तो वाद वेगळा. पण दुसऱ्यासाठी अवजार बनवणाऱ्याने विचारायचे प्रश्न तेच आहेत. इनिट फाईल लिहिणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःला विचारतात की देखभालीचे पाच टक्के कोण भरणार?

तर माझे नियम असे आहेत. पटले तर घ्या.

एखादं काम दोनदा हाताने करा. तिसऱ्यांदा आलं तर मॅक्रो करा, एफ-३ ने सुरू आणि एफ-४ ने बंद, त्यात एक ओळही लिहावी लागत नाही. तेच काम पुढच्या महिन्यातही येत राहिलं तरच फंक्शन लिहा. लिहिण्याआधी ते एडिटरमध्ये आधीच आहे का ते शोधा, नव्वद टक्के वेळा असतं (हा आकडा माझ्या पोटातला आहे, शास्त्रीय नाही :-) ). एडिटरच्या मूळ कळा हलवू नका. ईमॅक्सने कंट्रोल-सी आणि पुढे एखादं अक्षर, तसंच एफ-५ ते एफ-९, या कळा वापरणाऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या आहेत. तेवढं अंगण पुष्कळ झालं. प्रत्येक सेटिंगवर ती का घातली हे तुमच्या भाषेत एका ओळीत लिहा. कारण लिहिता आलं नाही तर सेटिंग काढा. पॅकेज घ्यायचंच असेल तर ते उद्या मिळालं नाही तर काम अडेल का, हे आधी बघा. आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पुजतात ना, त्या दिवशी ही फाईलही घासा. जी ओळ बंद केल्यावर आठवडाभर आठवण आली नाही, ती कायमची काढा.

'इनिट फाईलची दिवाळखोरी' असा एक वाक्प्रचार ईमॅक्सवाल्यांत रूढ आहे. फाईल इतकी फुगते की स्वतःलाच कळेनाशी होते, मग एके दिवशी सगळी पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची. लोक हे हसत हसत, जरा अभिमानानेच सांगतात. सांगोत बापडे. त्यांच्याकडे पुसून टाकायची आणि पुन्हा मांडायची चैन आहे. त्या ग्रंथपाल बाईंकडे नाही. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर एक ओळ जरी लिहायची झाली तरी माझी विनंती एवढीच आहे, की तुम्ही पुण्याला गेल्यावर ती ओळ कोण वाचणार आहे त्याचा चेहरा आधी डोळ्यांसमोर आणा. मग लिहा.